माझा हिरवा चौकोन

त्या मार्चमध्ये आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक शिक्षकाला एक रंग मिळाला. संस्थेने पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं. मुलांची हजेरी, परीक्षेचे निकाल आणि मुलांनी शिक्षकांबद्दल भरून दिलेलं मत, हे सगळं त्यात ओतायचं आणि मग ते पडद्यावर चौकोन काढून दाखवायचं. चांगलं चाललं असेल तिथे हिरवा, बऱ्यापैकी असेल तिथे पिवळा आणि जिथे काही खरं नाही तिथे लाल. ओतायचं काम माझ्याकडे होतं. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे कॉलेजात आकड्याचं जे काही असेल ते शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडतं, मग ती परीक्षेची बैठकव्यवस्था असो की स्नेहसंमेलनाच्या जेवणाची पानं. जिन्याखाली गुणवत्ता कक्ष नावाची एक खोली आहे, तिची मी प्रमुख. कक्षात मी, एक संगणक आणि एक पंखा, जो आवाज भरपूर करतो आणि वारा देत नाही.

मला तसंही एका जागी बसवत नाही. सॉफ्टवेअर चौकोन काढायला वेळ घेत होतं तेवढ्यात मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, दोनदा चहा मागवला आणि एकदा शिपायाला उगीचच ओरडले. मग पडदा उजळला. माझा चौकोन हिरवागार. नुसता हिरवा नव्हे, तर सगळ्या कॉलेजात पहिला. समुद्रकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलांनीसुद्धा माझ्यापुढे ओळीने 'उत्कृष्ट'वर खूण केली होती. प्राचार्य कधी नव्हे ते जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, मॅडम, अभिनंदन. मला फार आनंद झाला. उगाच नम्रपणाचा आव आणण्यात अर्थ नाही, त्या दिवशी मी घरी स्कूटरवरून जवळजवळ गात गेले.

बाबा पडवीत काजूबिया निवडत बसले होते. आयुष्यभर ते रापणीवर होते. किनाऱ्यावरून अर्ध्या गावाने मिळून ओढायचं ते मोठं जाळं, त्यात त्यांचा वाटा असे. आता वयामुळे समुद्र सुटला होता आणि घरामागच्या आंब्याच्या चार कलमांची देखभाल एवढंच उरलं होतं. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांना सांगून टाकलं की मी कॉलेजात पहिली आले, मुलांनी मला उत्कृष्ट ठरवलं.

त्यांचा हात थांबला. "पोरांनी असा लिवन दिल्यानी?"

मी म्हटलं, हो, लिहून दिलं, आपल्याकडच्या मुलांनीसुद्धा. त्यांनी हूं केलं आणि पुन्हा बिया निवडायला लागले. माझं डोकं फिरलं. चार शब्द कौतुकाचे बोलायला या माणसाचं काय जातं, असं मनात म्हणत मी आत गेले आणि भांडी जरा जास्तच जोरात घासली.

पडद्यावर एक चौकोन लालही होता. तो प्राणिशास्त्राचा.

प्राणिशास्त्राचे सर आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास तितका पगार आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. ख्रिश्चन घरातले, अर्धं गणगोत गोव्यात, स्वभावाने अबोल. निकाल त्यांचे चांगले, हजेरी चांगली. पण मुलांचं मत म्हणाल तर सरसकट 'ठीक'. पाच पर्यायांच्या उतरंडीत 'ठीक' हा खालून दुसरा, त्याच्याखाली फक्त 'असमाधानकारक'. कंपनीने मुलांच्या मताला सगळ्यांत जास्त वजन दिलं होतं, कारण विद्यार्थी समाधानी तर कॉलेज चांगलं, असा त्यांचा हिशेब होता. त्यामुळे बाकी सगळं चांगलं असून चौकोन लाल.

संस्थेच्या अध्यक्षांना लाल रंग दिसायचीच खोटी होती. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा विद्यापीठाला पाठवायचा होता आणि त्यात काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं, ते आकड्यांच्या आधारे लिहायचं होतं. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला मुलं आधीच थोडी, त्यात मुलं नाखूश, म्हणजे तो वर्ग बंद करायला हरकत नाही, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. ज्यांना तोच विषय घ्यायचा असेल ती कुडाळला जातील. तुम्ही तसं लिहून आणा, एप्रिलच्या बैठकीत मंजूर करून टाकू. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला काहीतरी टोचत राहिलं, पण काय ते कळेना.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी होती. खाडीपलीकडच्या गावातली, कोकणी मुसलमान घरातली. वडील आणि काका बंदरावर मासळीचा व्यापार करतात. ती आत आली, पण बसली नाही. कार्यालयात बोलायची असते तशा घडवलेल्या मराठीत तिने विचारलं, मॅडम, टीवायचा वर्ग बंद होणार आहे हे खरं आहे का. बातमी माझ्या जिन्याखालून बाहेर कशी गेली ते देव जाणे. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणाली की कुडाळला तिला घरून पाठवणार नाहीत. घरची एकच अट होती, दिवेलागणीच्या आत परत यायचं, आणि ती अट पाळता येईल असं कॉलेज हे एकच. वर्ग बंद झाला तर तिचं शिक्षण दुसऱ्या वर्षावर संपणार होतं. हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. मलाच शांत राहता आलं नाही. मी विचारलं, मग मत देताना तुम्ही मुलांनी सरांना असे गुण का दिलेत? तिने माझ्याकडे पाहिलं, येते म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. आराखड्याचं पान उघडायचं, 'प्राणिशास्त्र' असं शीर्षक लिहायचं आणि उठून व्हरांड्यात जायचं, असं चाललं होतं. शेवटी मी मुलांचे मूळ अर्ज काढले. अर्जावर नाव नसतं, पण एकाच मुलाने वेगवेगळ्या विषयांना काय दिलं ते एका ओळीत दिसतं. प्राणिशास्त्राच्या मुलांना माझाही एक पेपर सक्तीचा आहे, जीवशास्त्राला लागणारं संख्याशास्त्र. म्हणजे त्यांच्या प्रत्येक ओळीत सर होते आणि मीही होते. ओळ काढावी तर तेच: सरांना ठीक, मला उत्कृष्ट. पुढची ओळ, सरांना ठीक, मला उत्कृष्ट. खाली खाली जात राहिले आणि खरं सांगते, त्या चिंतेतही मला आतून गुदगुल्या होत होत्या. मनात म्हटलं, सर बिचारे शिकवायला कमी पडत असतील.

ते खरं आहे का हे बघायला मी एका सकाळी त्यांच्या प्रात्यक्षिकाला गेले. सरांचं प्रात्यक्षिक वेळापत्रकाप्रमाणे होत नाही, ओहोटीप्रमाणे होतं. पाणी कधी उतरणार ते बघून ते मुलांना सांगतात आणि मुलं त्या वेळेला परस्पर खडकांवर येतात. मी पोचले तेव्हा मुलं आधीच पाण्यात घोटाभर उभी होती. एक लाकडी चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आत किती शिंपले, किती गोगलगायी चिकटल्यात ते मोजायचं, मग चौकट उचलून पुढच्या खडकावर. एका चौकटीवरून दोन मुलं तावातावाने भांडत होती, हा मेलेला आहे, नाही जिवंत आहे. सर बाजूला पॅन्ट दुमडून उभे, मध्ये पडत नव्हते. ती खाडीपलीकडची मुलगी ओढणी कमरेला बांधून खडकावर पालथी पडल्यासारखी वाकली होती. मी आले हे तिला कळलंसुद्धा नाही. भरती लागली, लाटा चौकटीवर यायला लागल्या तरी मुलं निघेनात, शेवटी सरांनी त्यांना हाकलत वर आणलं.

माझ्या तासाला मुलं घंटा व्हायच्या आधी वह्या मिटतात. ते मला त्या क्षणी आठवलं आणि मी ते झटकून टाकलं. पाय खारट, डोकं गरम अशा अवस्थेत मी कॉलेजात परत आले. नाखूश मुलं अशी दिसत नाहीत एवढं मला कळलं होतं. पण मग ती 'ठीक' का लिहितात हे कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते घेऊन अध्यक्षांपुढे उभं राहता येत नाही.

एप्रिल लागला. बैठक जवळ आली. एक दिवस संध्याकाळी मी माजघरात बाबांनी अढीत लावलेले आंबे परतत होते. त्या वर्षी कलमांना असा आंबा धरला होता की गवत पसरायला जागा उरली नव्हती, पलंगाखालीसुद्धा आंबेच. घरभर घमघमाट. तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकींनी बाबांना हाक मारून विचारलं, यंदा आंबा कसा आहे.

बाबा पडवीतूनच म्हणाले, "खंयचो आंबो गो. मोहोर सगळो करपलो. घरात खावक गावलो तरी पुष्कळ."

काकी बरं म्हणाल्या. त्यांना वास येत नव्हता असं थोडंच आहे. आपण खोटं ऐकून घेतोय असं त्यांना वाटलं नाही आणि आपण खोटं बोललो असं बाबांना वाटलं नाही. मी हातात आंबा घेऊन तशीच उकिडवी बसून राहिले.

लहानपणी मी किनाऱ्यावर बाबांची वाट बघत असायचे. रापणीत बांगडा एवढा यायचा की टोपल्या कमी पडायच्या, आणि वाटेत कोणी विचारलं, काय मिळालं का, तर बाबा मान खाली घालून म्हणायचे, कालवणापुरतं. प्रत्येक जण तेच म्हणायचा. भरलं जाळं भरलं आहे असं तोंडाने म्हणायचं नाही. एक तर नजर लागते, आणि दुसरं म्हणजे उद्या सगळ्यांची जाळी तिथेच येऊन पडतात. ज्या दिवशी खरंच काही मिळालेलं नसायचं त्या दिवशी मात्र माणसं मोठ्याने बोलायची, हसायची, एखादा म्हणायचा, आज सोनं आलंय. मी या सगळ्यात वाढले. तरी शिकून सवरून संगणकापुढे बसले आणि आपल्याच गावच्या मुलांनी लिहिलेलं मला वाचता आलं नाही, याचा मला इतका राग आला की तो आंबा मी अढीत ठेवायच्या ऐवजी जवळजवळ फेकला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून घेतलं. आधी दार लावलं, मग विचारलं, सर तुम्हाला आवडत नाहीत का. ती गोंधळली. आवडतात, म्हणाली. मग 'ठीक' का लिहिलंत, असं विचारल्यावर तिची घडवलेली मराठी गळून पडली.

"सगळ्यांनी उत्कृष्ट लिवला आसता तर सरांका नजर नाय लागली आसती, मॅडम? आधीच तेंची नोकरी दर वर्साची."

म्हणजे मुलांनी आपापसात ठरवलं होतं. वर कोणीतरी ते वाचणार, कोणाच्या तरी डोळ्यांवर येणार, आणि एवढा चांगला माणूस उचलून दुसरीकडे नेतील किंवा त्याच्याविषयी कोणी वाकडं बोलेल. त्यापेक्षा ठीक लिहिलेलं बरं. त्यांनी सरांना लपवून ठेवलं होतं, भरलेल्या टोपलीवर फाटकं गोणपाट टाकतात तसं. आणि त्या गोणपाटामुळेच वर्ग बंद व्हायला निघाला होता. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. आपणच आपली वाट बंद केली, असं ती पुटपुटली. मी तिला पाणी दिलं. मग मला गप्प बसता आलं असतं, पण मला ते कधी जमलं नाही. मी विचारलं, मग मला का उत्कृष्ट दिलंत?

ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्न तिला खरोखरच अवघड वाटला नाही, उलट इतका सोपा वाटला की मी तो का विचारतेय हेच तिला कळेना.

"तुमका खंयची नजर लागतली, मॅडम?"

तिच्या बोलण्यात जराही खोच नव्हती. खोच असती तर मी तिला झापलं असतं आणि मोकळी झाले असते. ती गेली. मी उठले आणि तडक जेट्टीकडे चालायला लागले. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांवाले पर्यटकांना हाका मारत होते. एकाने मलाही विचारलं, किल्ला बघायचा का. मी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो दोन पावलं मागे सरला. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढावं हे कळत नव्हतं. इतकी वर्षं मी शिकवते. फळ्यावर सूत्र लिहिते, उदाहरण सोडवते, मुलं उतरवून घेतात. माझ्या पेपरात प्राणिशास्त्राची मुलं दर वर्षी अडकतात, पुन्हा परीक्षेला बसतात, आणि त्याचं कारण मी नेहमी एकच सांगत आले होते, की या मुलांचं गणित कच्चं आहे. हीच मुलं खडकावर एका शिंपल्यावरून भांडत होती. त्यांचं मोजणं कच्चं नव्हतं.

आता प्रश्न असा होता की बैठकीत काय सांगायचं. आमच्याकडची माणसं चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत, असं म्हटलं असतं तर अध्यक्षांनी हसून विषय मिटवला असता. पुरावा हवा होता आणि तो एकच होता. त्याच मुलांनी, त्याच हातांनी, ज्याच्या विषयात ती पास होतात त्याला ठीक दिलं होतं आणि जिच्या विषयात ती नापास होतात तिला उत्कृष्ट. सरांची ओळ माझ्या ओळीशेजारी ठेवल्याशिवाय यातलं काही सिद्ध होत नव्हतं. दोन दिवस मी वेगवेगळ्या पळवाटा शोधल्या. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाचा चौकोन सापडतो का ते पाहिलं. सापडला नाही, प्राणिशास्त्राच्या मुलांनी दुसऱ्या कोणाला इतकं उत्कृष्ट म्हटलेलंच नव्हतं.

बैठकीआधी चहा होता. कार्यकारिणीतली सगळी माणसं इथलीच, कोणाचं दुकान, कोणाचं हॉटेल, अध्यक्षांचा बर्फाचा कारखाना आणि मासेमारीच्या बोटी. कोणीतरी अध्यक्षांना विचारलं, यंदा हंगाम कसा. अध्यक्ष बशीत चहा ओतत म्हणाले, "खंय काय, चल्ला आसा आपला." त्यांनी नवी बोट बांधायला टाकली आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. मी कप खाली ठेवला.

माझी वेळ आली तेव्हा मी पडद्यावर लाल चौकोन दाखवला आणि त्याच्या शेजारी माझा हिरवा. म्हटलं, हे दोन्ही रंग एकाच मुलांनी दिलेत. आणि मग दोघांचे निकाल दाखवले. सरांच्या विषयात मुलं सहज पार होतात, माझ्या विषयात बुडतात. खोलीत चुळबूळ झाली. प्राचार्यांनी नजर पंख्याकडे वळवली. अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे आकडे चुकीचे आहेत असं म्हणायचंय का तुम्हाला?

"आकडे बरोबर आहेत, सर. आपण ते उलटे वाचतोय."

मी नजर लागण्याची गोष्ट सांगितली. एक सदस्य हसले, म्हणाले, मॅडम, हे विद्यापीठाला कसं लिहिणार, तिथे हसतील. माझा आवाज चढला. मी म्हटलं, विद्यापीठाचं मग बघू, पण या खोलीत कोणी हसू नये. मघाशी चहाच्या वेळी अध्यक्षांना हंगाम विचारला तेव्हा त्यांनी काय उत्तर दिलं ते सगळ्यांनी ऐकलंय. ते उत्तर मी या सॉफ्टवेअरमध्ये ओतलं तर अध्यक्षांचा बर्फाचा कारखाना लाल होईल आणि तो बंद करायची शिफारस मला लिहावी लागेल.

मला वाटलं, संपलं, आता माझीच नेमणूक तपासतील. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा हिरवा चौकोन..."

"फुकटचा आहे, सर," मी म्हटलं. इतकी वर्षं मी सभांमधून बोलते, पण टेबलाची कड इतकी घट्ट कधी धरली नव्हती.

मग बरीच वादावादी झाली, ती सगळी सांगण्यात अर्थ नाही. ठरलं ते एवढंच, की वर्ग एक वर्ष चालू ठेवायचा आणि विद्यापीठाच्या ठराविक प्रश्नांखाली आपले आणखी काही प्रश्न जोडायचे. ते मी काढायचे. मी काढले. धाकट्या भावंडाला हा विषय घ्यायला सांगाल का. या विषयाबद्दल तासाबाहेर कोणाशी बोलता का. तास बुडाला तर चुकल्यासारखं वाटतं का. बाबांना कोणी कधी किती मिळालं असं विचारून खरं उत्तर मिळालं नव्हतं, पण उद्या कुठे जाणार हे विचारलं की ते बेसावध असताना दिशा सांगून जात. माझे प्रश्न त्यातून आले. ते आराखड्यात लिहिताना मी 'वर्तनावर आधारित निर्देशक' असे शब्द वापरले. विद्यापीठात कोणी हसलं नाही.

नव्या प्रश्नांवर मे महिन्यात लगेच उत्तरं मागवली. सरांच्या पुढे हो, हो, हो. माझ्या पुढे काय असेल ते मला माहीत होतं, तरी बघितलं. भावंडाला सांगाल का: नाही. तासाबाहेर बोलता का: नाही. मी ते पान मिटवलं नाही, वर्षभर संगणकावर तसंच ठेवलं.

जूनमध्ये सरांची नेमणूक झाली. ती मुलगी तिसऱ्या वर्षाला आली, दिवेलागणीआधीच्या गाडीने परत जात राहिली. वर्षभरात मी सरांकडे जाऊन त्यांची लाकडी चौकट मागितली. त्यांनी काही न विचारता दिली आणि वर ओहोटीची वेळही सांगितली. मी घसरून एकदा खडकावर आपटले, मुलांनी हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. पण एका खडकावर इतके शिंपले आणि शेजारच्यावर इतके कमी का, हे भांडण सुरू झालं की सरासरी आणि विचलन फळ्यावर लिहायची गरज पडत नाही, मुलंच मागतात. काही तास जमले, काही साफ फसले. एकदा भरतीची वेळ मी चुकवली आणि सगळी वरात भिजून परत आली.

मग पुन्हा मार्च आला, पुन्हा मत भरून घेतलं, पुन्हा मी सॉफ्टवेअरपुढे येरझाऱ्या घातल्या. माझा चौकोन पिवळा झाला होता. अध्यक्षांचा फोन आला, मॅडम, तुमचे गुण पडले की हो. मी म्हटलं, हो सर. त्यांनी मग वेगळाच विषय काढला.

मी मूळ ओळी काढल्या. प्राणिशास्त्राच्या ओळी. सरांना ठीक, अजूनही, इतकं सगळं झाल्यावरही. पोरं सुधारत नाहीत. आणि माझ्यापुढे उत्कृष्ट होतं, उत्तम होतं, आणि काही ओळींत, फार नव्हे, ठीक. मी ते परत परत बघितलं. मन एकदा म्हणे, झालं, तुला लपवून ठेवण्याइतकी तू त्यांची झालीस. लगेच दुसरं मन म्हणे, कशावरून? खरोखरच ठीक शिकवत असशील. खडकावर आपटणारी बाई यापेक्षा जास्त काय असणार. माझ्या विषयातली कुठलीही चाचणी या दोन ठीकांमधला फरक सांगू शकत नाही, आणि त्या मुलीला बोलावून विचारायची मला हिंमत झाली नाही. विचारलं असतं तरी तिने खरं सांगितलं नसतं.

घरी आले तेव्हा बाबा पडवीत काजूबिया निवडत होते. मी पायरीवर बसले. सांगू की नको असं करत शेवटी हळूच सांगितलं, की यंदा काही मुलांनी मला ठीक लिहिलंय.

बाबांचा हात थांबला. त्यांनी आधी गडग्यापलीकडे बघितलं, काकी अंगणात नाहीत ना ते. मग माझ्याकडे वळले.

"खंय कोणाक बोला नको," ते म्हणाले.